रेग्युलेटरखालचा वियर: फळ्या सगळ्यात शेवटी काढा

प्रश्न असा आहे. शाखा कालव्यावर चार गेटांचा जुना क्रॉस रेग्युलेटर (कालव्यातले पाणी अडवून हवे तितके सोडणारे बांधकाम) आहे. त्याच्या खाली सुमारे ६०० मीटरवर दगडी वियर (ज्याच्या माथ्यावरून पाणी सांडते तो आडवा बंधारा) आहे आणि वियरच्या थोडे अलीकडे एक वितरिका, म्हणजे छोटा फाटा, फुटते. वितरिकेला पाणी कमी पडू लागले म्हणून वियरच्या माथ्यावर २० सेंमीच्या फळ्या बसवल्या. वितरिकेची तक्रार मिटली. पण आता टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही, रेग्युलेटरचा जुना विसर्ग तक्ता (किती उघडल्यावर किती पाणी जाते तो) जुळत नाही, चारपैकी दोन गेटे गंजून अडकली आहेत आणि रेग्युलेटरच्या फरशीच्या टोकाशी खड्डा पडतो आहे. अशा वेळी गेटे आणखी उघडावीत, वियर पक्का उंच करावा, की पाडून टाकावा?

यांतले काहीही आत्ता करू नका. फळ्या काढायच्या आहेत, पण सगळ्यात शेवटी. आधी अडकलेली गेटे, मग खड्डा, मग वितरिकेच्या तोंडाची खरी पातळी आणि त्यानंतर फळ्या. हा क्रम उलटा वाटेल, कारण गोंधळ फळ्यांपासून सुरू झालेला दिसतो. पण सध्या त्याच फळ्यांनी अडवलेले पाणी तुमच्या रेग्युलेटरची फरशी सांभाळत असण्याची बरीच शक्यता आहे.

आधी या दोन बांधकामांची कामे वेगळी करून पाहू. पाणी किती सोडायचे हे गेट ठरवते. पाणी किती उंच उभे राहायचे हे वियर ठरवतो. गेटाखालून जाणारे पाणी वरच्या दाबाच्या वर्गमुळाने वाढते, तर वियरवरून जाणारे पाणी माथ्यावरच्या उंचीच्या दीड घाताने वाढते. म्हणून वरची उंची १० टक्क्यांनी वाढली तर गेटातून साधारण ५ टक्केच जास्त पाणी जाते, पण वियरवरून १५ टक्के जास्त जाते. जुन्या आखणीकारांनी मुख्य प्रवाहात वियर आणि फाट्यावर गेट किंवा नळी अशी जोडी ठेवली ती याच कारणासाठी. कालव्यात पाणी वरखाली झाले तरी जादा पाणी वियरवरून निघून जाते आणि फाट्याचे पाणी फारसे हलत नाही. ही जोडी उलटली, म्हणजे मुख्य प्रवाहात गेट आणि फाट्यावर उघडी खाच असली, की कालव्यातली प्रत्येक लहर फाट्यावर जाऊन आदळते.

आता तुमच्या फळ्यांनी काय केले ते आकड्यांत मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. रेग्युलेटरच्या वरच्या अंगाला फरशीपासून १.६ मीटर पाणी आहे आणि खालच्या अंगाला १ मीटर. गेटाचे तोंड खालच्या पाण्यात बुडालेले आहे, म्हणजे पाण्याला ढकलणारा फरक ६० सेंमीचा. कालव्याचा उतार ५००० ला १ असेल तर किलोमीटरमागे तळ फक्त २० सेंमी उतरतो. त्यामुळे ६०० मीटरवर चढवलेल्या २० सेंमी फळ्यांचा फुगवटा रेग्युलेटरच्या पायथ्याशी पोचतोच. तो पूर्ण २० सेंमी पोचला असे धरले तर खालचे पाणी १.२ मीटर झाले आणि फरक ४० सेंमी उरला. ४० भागिले ६०, त्याचे वर्गमूळ ०.८२. गेट तेवढेच उघडे, वरची पातळी तीच, तरी पाणी १८ टक्क्यांनी कमी. तक्ता चुकलेला नाही. तो ज्या खालच्या पातळीला बांधला होता ती पातळी बदलली आहे, एवढेच.

वितरिकेचे पाणी मात्र उलट दिशेने वाढले. तिच्या तोंडाशी गेट असेल आणि आधी ४० सेंमी दाब असेल तर तो ६० झाला, म्हणजे पाणी २२ टक्के वाढले. तोंड उघडी खाच असेल तर ८४ टक्के वाढले. टेलचे पाणी असे दोनदा कापले गेले, एकदा रेग्युलेटरवर आणि एकदा वितरिकेवर. टेलचे शेतकरी गेटवाल्याला दोष देत असतील, पण त्याने गेट पूर्वीइतकेच उघडले असणार. त्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पुढे काय झाले असेल तेही ओळखता येते. टेलची तक्रार आली, चालू असलेली दोन गेटे आणखी वर घेतली गेली आणि खड्डा तिथून वाढू लागला.

खड्ड्याबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण जुने रेग्युलेटर जातात ते बहुधा तिथूनच. गेटाखालून निघणारे पाणी पातळ आणि वेगवान पट्ट्यासारखे धावते. खाली पुरेसे खोल पाणी भेटले तर ते उसळी घेते, फेसाळते आणि आपली ताकद तिथेच संपवते. ही उसळी फरशीवर झाली पाहिजे. खालचे पाणी उथळ असेल तर उसळी पुढे सरकत जाते, फरशी ओलांडते आणि मातीवर उतरते.

वर १.६ मीटर पाणी असताना चार गेटांतून प्रत्येकी १५ सेंमी जाडीचा पट्टा निघत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला ५.३ मीटरच्या आसपास येतो आणि उसळी जागेवर धरायला खाली सुमारे ८६ सेंमी पाणी लागते. तुमच्याकडे फळ्यांशिवायही १ मीटर होते. म्हणजे उसळी गेटापाशीच दबलेली आणि फरशी सुरक्षित. आता जवळपास तेच पाणी दोनच गेटांतून सोडा. पट्टा ३० सेंमी जाड होतो, वेग सेकंदाला ५ मीटर राहतो, पण उसळी धरायला १.१ मीटर पाणी लागते. फळ्यांसकट तुमच्याकडे १.२ मीटर आहे. फळ्या काढल्या की १ मीटर. म्हणूनच सुरुवातीला म्हटले की सगळे पाणी दोनच गेटांतून जात असेपर्यंत फळ्यांना हात लावू नका.

या गणितात आणखी एक गोष्ट येत नाही. पाण्याचा वेग आणि खोली यांचे जे गुणोत्तर उसळीचे रूप ठरवते, ते दोन गेटांच्या उदाहरणात २.९ येते. २.५ ते ४.५ यांमधली उसळी सर्वांत अस्थिर असते. पट्टा कधी तळाशी बुडी मारतो, कधी पृष्ठभागावर येतो आणि त्यातून उठणाऱ्या लाटा शेकडो मीटर काठ खात जातात. कालव्यांवरची कमी उंचीची बांधकामे नेमकी याच मर्यादेत येतात. वियर आणि रेग्युलेटर यांच्यामधले काठ पाण्याच्या रेषेजवळ कोरल्यासारखे दिसत असतील तर कारण हे आहे. तिथे नुसती माती भरून उपयोग नाही, लाटेच्या उंचीपर्यंत दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) लागते.

शिवाय गेटे डाव्या बाजूची चालू आणि उजव्या बाजूची बंद असतील तर पाणी एका बाजूने धावते आणि बंद गेटांसमोर मोठा भोवरा उलटा फिरू लागतो. हा भोवरा खालच्या पिचिंगचे दगड उचलून फरशीवर आणतो आणि तिथे घोळवत ठेवतो. मग फरशी जात्यात भरडल्यासारखी झिजते. कालवा कोरडा पडल्यावर फरशीवर गोल गुळगुळीत झालेले दगड सापडले तर वर गेटे कशी चालवली जातात हे विचारायची गरज उरत नाही. एका कालव्यावर मी फरशीची दुरुस्ती एकापाठोपाठ तीन हंगाम करवून घेतली आणि तिन्ही वेळा ती गेली. चौथ्या वर्षी अडकलेले गेट मोकळे केले, सगळी गेटे सारखी उघडायचा नियम घातला आणि खड्डा वाढायचा थांबला. पहिल्याच वर्षी दगड नीट पाहिले असते तर तीन हंगामांचे काम वाचले असते.

म्हणून पहिले काम गेटांचे. स्क्रू, दोऱ्या, खाचेतला गाळ, वाकलेली पाती, जे असेल ते सोडवा. चारही गेटे हलू लागली की ती सारख्या उंचीने उघडा. उघडताना मधल्या दोन गेटांपासून सुरुवात करा आणि बंद करताना मधली शेवटी बंद करा. एखादे गेट सुटतच नसेल तर दुसऱ्या बाजूचे त्याच्या जोडीचे गेटही तितकेच उघडे किंवा बंद ठेवा, म्हणजे प्रवाह दोन्ही बाजूंनी सारखा राहील.

आणि आवर्तनाचा, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीचा, पहिला तास जपा. खड्डे पूर्ण पाण्यात फार पडत नाहीत, ते कालवा भरताना पडतात. खालचा भाग रिकामा असतो, उसळी धरायला पाणीच नसते आणि लवकर पाणी पोचवायच्या घाईत गेट एकदम वर घेतले जाते. तेव्हा तो पाण्याचा पट्टा फरशी ओलांडून थेट मातीवर उतरतो. गेटे थोडी उघडा, खालची मोजपट्टी अर्ध्या खोलीपर्यंत येईपर्यंत थांबा, मग पुढचा टप्पा घ्या. वियर जागेवर असण्याचा इथे मोठा फायदा आहे. तो रेग्युलेटरखाली पाण्याची गादी लवकर तयार करतो. वियर पाडण्याचा विचार मनातून काढा, असे मी म्हणतो ते यासाठी.

खड्डा धुपेचा आहे की पाझराचा, हे मात्र आधी ठरवा. वरून दोन्ही सारखेच दिसतात. पाण्याच्या माऱ्याने पडलेला खड्डा फरशीच्या टोकापासून पुढे उतरत जातो आणि गेटे बंद असताना शांत असतो. फरशीखालून पाणी वाहत असेल तर गेटे बंद असताना, वर पाणी भरलेले असताना खड्ड्याच्या कडेला बारीक उकळ्या फुटताना दिसतात. त्यांच्याभोवती वाळूचे लहान वर्तुळ जमते. उकळीतून स्वच्छ पाणी येत असेल तर लक्ष ठेवा. गढूळ येत असेल तर वरचे पाणी त्याच दिवशी उतरवा, सकाळची वाट पाहू नका.

हे भय पुस्तकी नाही. चिनाब नदीवरचा खानकी वियर १८९५ मध्ये आणि गंगेवरचा नरोरा वियर १८९८ मध्ये पायाखालच्या पाण्यामुळे निकामी झाले. त्यानंतर १९१० मध्ये अभियंते ब्लाय यांनी पाण्याला फरशीखालून जितकी लांब वाट चालावी लागेल तितका धोका कमी, असा सोपा नियम मांडला आणि जगभर तो वापरला गेला. पुढे अप्पर चिनाब कालव्यावरच्या, त्याच नियमाने बांधलेल्या सायफनांखाली (एका प्रवाहाखालून दुसरा प्रवाह नेणाऱ्या बांधकामांखाली) दाब वेगळाच निघू लागला. अभियंते खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे नळ्या घालून प्रत्यक्ष दाब मोजले आणि १९३६ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की नुसती लांब फरशी पुरत नाही. खालच्या टोकाला खोल कट-ऑफ भिंत (पाझर अडवायला जमिनीत उतरवलेली भिंत) नसेल तर पाणी बाहेर पडताना वाळू सोबत नेतेच.

तुमच्या खड्ड्याने ही कट-ऑफ भिंत किती उघडी पडली हे म्हणून मोजायला हवे. समजा फरशी १२ मीटर लांब आणि खालची भिंत २ मीटर खोल आहे. वर १.६ मीटर पाणी आणि खाली कोरडे असताना खोसला यांच्या सूत्राने पाणी बाहेर पडण्याचा उतार, म्हणजे वाळू उचलणारा जोर, सुमारे ७.४ ला १ येतो (पहिला आकडा जितका लहान तितका धोका जास्त). खड्ड्याने भिंतीसमोरची १ मीटर माती नेली तर भिंत फक्त १ मीटरची उरते आणि तोच उतार ५ ला १ होतो. बारीक वाळूसाठी सुरक्षित मर्यादा ६ ते ७ ला १ धरतात. म्हणजे एका मीटरच्या खड्ड्याने बांधकाम सुरक्षिततेच्या आतून बाहेर गेले, आणि वरून पाहणाऱ्याला फक्त थोडे दगड सरकलेले दिसतात.

हे गणित सर्वांत वाईट केव्हा होते तेही पाहा. पाणी जोरात वाहत असते तेव्हा नव्हे. वर भरलेले आणि खाली कोरडे असते तेव्हा. वियरमुळे खाली १ मीटर पाणी उभे असेल तर फरक फक्त ६० सेंमीचा राहतो आणि पूर्ण भिंतीसाठी तो उतार २० ला १ च्या जवळ जातो. तेव्हा खड्डा पाहण्यासाठी किंवा भरण्यासाठी वरचा कालवा भरलेला ठेवून खालचा डोह पंपाने उपसणे, ही सगळ्यात घातक कृती आहे. उपसायचेच तर आधी वरचे पाणी उतरवा.

तेही हळूहळू. पाणी भराभर उतरवले की काठाच्या मातीत मुरलेले पाणी मागे राहते आणि काठ किंवा अस्तर आत ढकलते. मी तासाला १५ सेंमी आणि दिवसाला ३० सेंमी यापेक्षा जास्त उतरवत नाही, काळी माती असेल तर त्याहून कमी. १.६ मीटर उतरवायला पाच-सहा दिवस लागतील हे धरूनच बंद ठेवण्याचे दिवस ठरवा.

खड्डा भरताना मोठे दगड सरळ मातीवर टाकू नका. खाली वाळू, वर बारीक खडी, मग मोठी खडी आणि शेवटी दगड, असे थर हवेत. नाहीतर दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि दगड खाली बसत राहतात. दगडांचा पट्टा लवचिक ठेवा. त्यावर सिमेंटची कडक लादी घातली तर खालची माती गेलेली कळत नाही, लादी तुटते तेव्हाच कळते.

आता वितरिकेकडे येऊ. तिला पाणी कमी का पडत होते, हे कोणी मोजले होते का? मला शंका आहे. एक दिवस ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन या आणि एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे पक्क्या खुणेवरून, पातळ्या घ्या: रेग्युलेटरची फरशी, दोन्ही मोजपट्ट्यांचे शून्य, वियरचा माथा डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, वितरिकेच्या तोंडाचा उंबरा, आणि वितरिकेत शिरल्यावरचा तळ. जुन्या दगडी वियरची एक बाजू काही सेंटीमीटर बसलेली असते आणि सगळे पाणी तिकडून जाते. मोजपट्टी कोणीतरी रंगवताना हलवलेली असते. माथ्यावर २० सेंमी पाणी असताना पट्टीचे शून्य २ सेंमीने चुकले तर विसर्ग १५ टक्क्यांनी चुकतो. अनेकदा दोष वियरचा नसतोच. वितरिकेच्या पहिल्या शंभर मीटरमधला गाळ पाण्याला मागे धरून ठेवतो आणि पाणी कमी शिरते. तो काढला की फळ्यांची गरज संपते.

गवताचेही तसेच. तळ आणि काठ गवताने भरले की पाण्याला होणारा अडथळा वाढतो. घर्षणाचा गुणांक ०.०२५ वरून ०.०३५ वर गेला तर रुंद कालव्यात तेवढेच पाणी न्यायला खोली सुमारे २२ टक्के जास्त लागते. १ मीटरच्या जागी १.२२. वियरच्या खाली असे झाले तर वियर बुडू लागतो. रुंद दगडी माथ्याला यातले बरेच सोसते. खालचे पाणी माथ्याच्या वर, वरच्या उंचीच्या दोन तृतीयांशपर्यंत चढले तरी विसर्ग फारसा बिघडत नाही. पण तुम्ही बसवलेल्या फळीची धार पातळ आहे. तिला खाली मोकळी पडायला जागा आणि पडणाऱ्या पाण्यामागे हवा लागते. खालचे पाणी धारेच्या वर आले की तिचे गणित लगेच बिघडते. त्यातच विसर्गाच्या सूत्रात रुंद माथ्याचा गुणक १.७ आणि पातळ धारेचा १.८४, म्हणजे फळी बसल्या दिवसापासून वियरचा जुना तक्ताही रद्द झाला.

गाळाचे थोडक्यात. अभियंते केनेडी यांनी १८९५ मध्ये पंजाबातल्या अप्पर बारी दोआब कालव्यावर पाहिले, की ठरावीक खोलीला एक ठरावीक वेग असतो, ज्याला गाळ बसतही नाही आणि तळ खरवडतही नाही. त्यांच्या कालव्याच्या वाळूसाठी १ मीटर खोलीला तो सेकंदाला ०.५५ मीटर येतो. वियर उंच करून खोली १.३ मीटर केली तर लागणारा वेग ०.६५ होतो आणि मिळणारा वेग घसरून ०.४२ च्या आसपास येतो. गाळ बसणारच. तुमची वाळू वेगळी असेल, आकडे थोडे सरकतील, दिशा बदलणार नाही. म्हणून माथा पक्का उंच करू नका. दोन-तीन हंगामांत रेग्युलेटर ते वियर हा सगळा टप्पा गाळाने भरेल, तळ वर येईल आणि काठाची मोकळी उंची कमी होईल.

पातळ्या घेतल्यावरही वितरिकेचा उंबरा खरोखर उंच निघाला, आणि कालव्यात अर्धे पाणी असताना तिला पुरत नसेल, तर उत्तर माथा उंच करण्यात नसून लांब करण्यात आहे. हे मला सगळ्यांत जास्त पटवून द्यायचे आहे. समजा वियर ६ मीटर लांब आहे आणि पूर्ण पाण्याला, म्हणजे सुमारे २.६ क्युमेकला (सेकंदाला घनमीटर), माथ्यावर ४० सेंमी पाणी चढते. पाणी अर्धे झाले की माथ्यावर २५ सेंमी उरते. वितरिकेची पातळी १५ सेंमीने पडली, तिची तक्रार तिथून येते. आता त्याच रुंदीत बदकाच्या चोचीसारखा नागमोडी माथा बांधून त्याची लांबी २४ मीटर केली, तर पूर्ण पाण्याला १६ सेंमी आणि अर्ध्या पाण्याला १० सेंमी चढते. फरक फक्त ६ सेंमीचा. माथा लांब झाल्यामुळे तो २४ सेंमी उंच बांधला तरी पूर्ण पाण्याची पातळी जुन्या इतकीच राहते, कारण २४ आणि १६ मिळून पुन्हा ४० होतात. अर्ध्या पाण्याला मात्र जुन्या माथ्यापासून ३४ सेंमी मिळतात, आधी २५ मिळत होते. वितरिकेला तंगीत ९ सेंमीचा फायदा, आणि पूर्ण पाण्यात रेग्युलेटरखाली एक सेंटीमीटरही जादा फुगवटा नाही. फळ्यांनी दिले त्याहून चांगले, आणि टेलच्या तोंडचे न काढता.

प्रत्यक्षात चोचीच्या आत पाणी आखडते, त्यामुळे लांबीचा पूर्ण फायदा मिळत नाही. माथा थोडा खाली बांधून शेवटचे काही सेंटीमीटर जागेवर पाहून चढवा. चोचीच्या टोकाशी तळाला गाळ सोडायची एक झडप हवीच, नाहीतर वरचा गाळ कुठे जाणार? वरून सांडणारे पाणी तरंगता कचरा नेते आणि गाळ मागे ठेवते, गेटाखालून जाणारे पाणी नेमके उलटे करते. दोन्हींची सोय एकाच बांधकामात असली की कालवा स्वच्छ राहतो. चोच बांधून होईपर्यंत फळ्या एक एक करून, दर वेळी दोन दिवस थांबून काढा आणि प्रत्येक टप्प्याला रेग्युलेटरखालची उसळी फरशीवर आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा.

गेटवाल्याला एक गोष्ट समजावून द्या, ती कुठल्या तक्त्यात नसते. गेट हलवल्याची खबर पाण्यातून लवकर पोचते, पाणी उशिरा पोचते. १.२ मीटर खोल कालव्यात लाट सेकंदाला सुमारे ४ मीटरने खाली जाते, म्हणजे १० किलोमीटरवरच्या टेलला पाऊण तासात मोजपट्टीवरचे पाणी हलताना दिसते. पण वाढवलेले खरे पाणी सेकंदाला जेमतेम १ मीटरने सरकते. त्याला तीन तासांच्या जवळपास लागतात. मध्ये वियरचा डोह भरायचा असेल तर आणखी. ६०० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद डोह २० सेंमी भरायला ९६० घनमीटर पाणी लागते. विसर्ग पाव क्युमेकने वाढवला असेल तर ते सगळे जादा पाणी तासभर डोहातच जाते. त्या तासात टेलहून फोन येतो, गेट पुन्हा वर घेतले जाते, मग सगळे पाणी एकदम पोचते आणि काठावरून सांडायची वेळ येते. एकदा गेट हलवले की ठरलेल्या वेळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ती वेळ किती, हे तुमच्या कालव्यावर दोन-तीनदा मोजून लिहून ठेवा.

नवा तक्ता बांधताना रेग्युलेटरसाठी एकच पट्टी धरू नका. वरची पातळी, खालची पातळी आणि गेटाची उंची, तिन्ही लिहिली पाहिजेत. वियर मोकळा वाहत असेल तर विसर्ग त्याच्यावरून मोजा, तो जास्त विश्वासाचा. पट्टी माथ्याच्या अगदी जवळ नको, तिथे पाणी खाली वाकलेले असते. माथ्यावरच्या मोठ्यात मोठ्या उंचीच्या तीन ते चार पट मागे हवी. तपासणीसाठी मीटर नसेल तर तरंगत्या वस्तूने वेग घ्या आणि त्याला ०.८५ ने गुणा. अचूक नसेल, पण १८ टक्क्यांची चूक नक्की पकडेल.

राहिले एक. वियरखाली जिथे पाणी पडून फेस मागे वळताना दिसतो, तिथे पृष्ठभागावरचे पाणी वियरकडेच ओढते. पडलेला माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली जातो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून निघता येत नाही. वियर लहान आणि पाणी कमरेइतके दिसते म्हणून मुले तिथेच उतरतात. फळ्या चढवल्यावर पडण्याची उंची वाढली आहे, ही ओढही वाढली असेल. काम सुरू करण्याआधीच दोन्ही काठांना लोखंडी पायऱ्या, वियरच्या वर आडवा तारेचा दोर आणि खाली फेकायच्या दोराची पेटी बसवा. फळी काढायला माणूस उतरेल तेव्हा वरचे गेट बंद, कमरेला दोर आणि काठावर दुसरा माणूस असल्याशिवाय त्याला उतरू देऊ नका. दोर दर आवर्तनाआधी तपासून त्याची तारीख पट्टीच्या नोंदवहीतच लिहा, म्हणजे रोज पातळी लिहिणाऱ्याच्या नजरेखालून ती जाईल.